‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत मराठी शाळेत प्राथमिक शिकलेली मुले पुढे इंग्रजी माध्यमात जातात, हॉटेलात लागतात, जहाजावरच्या नोकरीसाठी मुलाखती देतात. त्यांच्याकडून आणि त्यांच्या पालकांकडून या एका क्रियापदाबद्दल जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्ये देवनागरीतच दिली आहेत, म्हणजे आजीलासुद्धा मोठ्याने वाचून नातवाचे पाठांतर घेता येईल.

‘गेट’ म्हणजे ‘मिळणे’, असेच शाळेत शिकवले. मग सगळीकडे ते का बसत नाही?

शाळेत शिकवले ते खोटे नाही, पण त्या शब्दाचा तो एक कोपरा आहे. ‘गेट’ मूळचा इंग्लंडचा नव्हे. उत्तरेकडच्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतून तो इंग्रजीत आला. ‘टेक’, ‘एग’, ‘स्काय’ हे शब्दही तिथलेच. हाती लागणे, पकडीत येणे हा त्याचा जुना अर्थ. पुढे तो पसरत गेला आणि आज त्याच्यामागे एकच साधी कल्पना उरली आहे: आधी नव्हते ते आता झाले. वस्तू नव्हती ती आली, अवस्था नव्हती ती झाली, जिथे नव्हतो तिथे पोचलो.

म्हणून ‘गेट’चा अर्थ पाठ करत बसू नका, त्याच्या पुढचा शब्द बघा. पुढे नाम असेल तर मिळणे किंवा आणणे: ‘आय गॉट अ जॉब ॲट मोपा’, मला मोपाला नोकरी मिळाली. पुढे विशेषण असेल तर होणे: ‘द रोड गॉट स्लिपरी’, रस्ता निसरडा झाला. पुढे ‘टू’ आणि ठिकाण आले तर पोचणे: ‘वी गॉट टू साखळी ॲट नाइन’, आम्ही नऊला साखळीला पोचलो. पुढे क्रियापदाचे तिसरे रूप आले तर काहीतरी घडून गेले: ‘ही गॉट ट्रान्स्फर्ड’, त्याची बदली झाली. आणि ‘टू’ नंतर क्रियापद आले तर संधी: ‘वी गॉट टू सी द शिगमो परेड’, आम्हाला शिगमोची मिरवणूक बघायला मिळाली.

हा शेवटचा प्रकार मराठी माणसाला फुकटात येतो, कारण ‘बघायला मिळणे’ आपल्याकडे जसेच्या तसे आहे. तरीही मुले तो वापरायला सर्वांत जास्त कचरतात. का ते देव जाणे.

‘आय गॉट हिम इन म्हापसा मार्केट’ यात काय चुकले? तो मला शुक्रवारच्या बाजारात खरेच मिळाला होता!

हा घोटाळा खास आपल्या गोव्याचा. घरी कोंकणी, शाळेत मराठी, आणि कोंकणीतल्या ‘मेळप’ या क्रियापदात मिळणेही येते आणि भेटणेही. ‘तो म्हाका बाजारांत मेळ्ळो’ यात काहीच वावगे नाही. इंग्रजीत मात्र माणूस भेटला की ‘मेट’, वस्तू मिळाली की ‘गॉट’. ‘आय गॉट हिम’ म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटेल, चोर पकडला! तेव्हा ‘आय मेट हिम इन म्हापसा मार्केट’ म्हणा. ठरवून नव्हे, अचानक गाठ पडली असेल तर ‘आय रॅन इंटू हिम’ जास्त शोभते.

घाटावरचे काही लोक उलट ‘मला पुस्तक भेटले’ म्हणतात, आणि आम्ही गोव्यात बसून त्यांना हसतो. दोघांचेही इंग्रजी त्याच खड्ड्यात अडकते.

दरवाजाचे गेट आणि हे ‘गेट’, उच्चार एकच का?

नाही. देवनागरीत दोन्ही सारखे लिहावे लागतात, म्हणून आपण सारखे बोलतो. क्रियापदातला ‘ए’ आखूड आहे, झटक्यात उच्चारायचा. फाटकातला ‘ए’ लांबवायचा आणि शेवटी किंचित ‘इ’कडे झुकवायचा. ‘आय विल गेट द गेट’, म्हणजे ‘फाटक मी उघडतो’, हे वाक्य दहा वेळा म्हणून बघा. दोन्ही शब्द सारखे ऐकू आले तर पुन्हा म्हणा.

भूतकाळात ‘गॉट’, मग ‘गॉटन’ कुठून आले?

आपली पाठ्यपुस्तके ब्रिटिश वळणाची, म्हणून आपल्याला गेट, गॉट, गॉट असे शिकवतात. अमेरिकेत तिसरे रूप ‘गॉटन’. ते अमेरिकनांनी नव्याने बनवलेले नाही. जुन्या इंग्रजीत ते होतेच, इंग्लंडात मागे पडले, अमेरिकेत टिकले. ‘फर्गेट’चे ‘फर्गॉटन’ आपण सगळे म्हणतो, तेही याच कुळातले.

अमेरिकन माणूस मात्र दोन्ही रूपे वापरतो आणि त्यांत फरक करतो. ‘आय हॅव गॉट अ टिकेट’ म्हणजे तिकीट माझ्याकडे आहे. ‘आय हॅव गॉटन अ टिकेट’ म्हणजे मी ते मिळवले. परीक्षेत ‘गॉट’ लिहा. अमेरिकन कंपनीच्या जहाजावर ‘गॉटन’ ऐकू आले तर दचकू नका. एकाच पत्रात दोन्ही वळणे मिसळू नका, एवढेच.

याहून फार मोठी चूक वेगळीच आहे: ‘डिड यू गॉट?’ आणि ‘आय डिडन्ट गॉट’. ‘डिड’ने भूतकाळ एकदा दाखवला की पुढे मूळ रूप: ‘डिड यू गेट द मेसेज?’, ‘आय डिडन्ट गेट इट’. मुलाखत घेणारा बाकी बरेच काही माफ करील, हे त्याच्या कानाला टोचते.

‘आय हॅव’ आणि ‘आय हॅव गॉट’, बरोबर कोणते?

दोन्ही. अर्थ एकच, ‘माझ्याकडे आहे’. दुसरे बोलण्यातले, जास्त ब्रिटिश. प्रश्न विचारताना जोडी मोडू नका: ‘हॅव यू गॉट चेंज?’ किंवा ‘डू यू हॅव चेंज?’, सुटे आहेत का? ‘डू यू हॅव गॉट’ म्हणू नका. भूतकाळात सरळ ‘हॅड’.

‘आय हॅव गॉट टू गो’ आणि ‘आय गेट टू गो’ यांत फरक आहे का?

जमीन-अस्मानाचा. पहिल्यात सक्ती: मला जायलाच हवे. घाईच्या बोलण्यात त्याचेच ‘गॉटा गो’ होते. दुसऱ्यात संधी: मला जायला मिळते. जहाजावरच्या नोकरीच्या मुलाखतीत ‘हे काम का हवे?’ असे विचारले आणि तुम्ही ‘आय हॅव गॉट टू सी द वर्ल्ड’ म्हणालात, तर जग बघण्याची शिक्षा झाल्यासारखे वाटते. ‘आय विल गेट टू सी द वर्ल्ड’ म्हणा.

‘आय ॲम गेटिंग’ कुठे चालते आणि कुठे नाही?

हा प्रश्न सविस्तर घ्यायला हवा, कारण भारतीय इंग्रजीची ओळख पटवणारी बरीच वाक्ये इथे जमली आहेत.

‘आय ॲम गेटिंग ट्वेंटी थाउजंड सॅलरी.’ पगार दर महिन्याला येतो, तो नेहमीचा व्यवहार आहे. म्हणून ‘आय गेट’ किंवा त्याहून बरे ‘आय अर्न’. आपण ‘मला वीस हजार मिळतात’ म्हणतो, ‘मिळत आहेत’ म्हणत नाही. इंग्रजीत आल्यावरच हे ‘इंग’ कुठून चिकटते कळत नाही.

‘आय ॲम नॉट गेटिंग अ सिग्नल.’ हे मात्र अगदी बरोबर. आत्ता, या क्षणी, सत्तरीच्या या वळणावर रेंज नाही. पुढच्या वळणावर असेल.

‘आय ॲम गेटिंग लेट.’ मराठीत ‘मला उशीर होतोय’, म्हणून हे सुचते. प्रमाण इंग्रजीत वेळ ‘लेट’ होत जाते, माणूस नव्हे: ‘इट इज गेटिंग लेट’. स्वतःबद्दल सांगायचे तर ‘आय ॲम लेट’ किंवा ‘आय ॲम रनिंग लेट’. पणजीत कोणाशीही ‘गेटिंग लेट’ म्हणा, काही बिघडत नाही. परदेशी माणसाला ते विचित्र वाटते, एवढेच.

‘आय ॲम गेटिंग बोअर.’ इथे शेवटचा ‘ड’ खाल्ला गेला. ‘गेटिंग बोअर्ड’ पाहिजे. ‘ड’ विसरलात तर कंटाळवाणा माणूस तुम्हीच ठरता. तसेच ‘गेटिंग टायर्ड’, ‘गेटिंग कन्फ्यूज्ड’.

‘आय ॲम नॉट गेटिंग यू.’ समजत नसेल तर ‘आय डोन्ट अंडरस्टँड’, ऐकू येत नसेल तर ‘आय कान्ट हिअर यू’. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि फोनवर ग्राहकाशी बोलताना त्या वेगळ्याच ठेवाव्यात.

‘इट इज गेटिंग डार्क’, ‘इट इज गेटिंग हॉट’, ‘शी इज गेटिंग बेटर’ ही वाक्ये निर्धास्त वापरा. हळूहळू होत जाणारा बदल सांगायला ‘गेटिंग’सारखा सोपा शब्द नाही.

बसमधून उतरलो, ‘गेट डाउन’ की ‘गेट ऑफ’?

कदंबची बस, फेरीबोट, रेल्वे, विमान, म्हणजे ज्यात उभे राहून चार पावले चालता येते, त्यात चढणे ‘गेट ऑन’ आणि उतरणे ‘गेट ऑफ’. ज्यावर टांग टाकून बसतो त्यालाही तेच, मग ती सायकल असो की आपल्या मोटारसायकल पायलटची मागची सीट. मोटार, टॅक्सी, रिक्षा, होडके, म्हणजे जिथे वाकून आत शिरावे लागते, तिथे ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’.

तेव्हा रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या पाहुण्याला ‘गेट ऑन द फेरी हिअर अँड गेट ऑफ ॲट चोडण’ असे सांगा. तो स्वतःच्या गाडीतच बसून फेरीवर चढला असेल, तर पक्षी बघायला गाडीतून उतरताना ‘गेट आउट ऑफ द कार’.

‘गेट डाउन’ भारतभर चालते आणि कंडक्टरला नीट कळते. बाहेरच्या माणसाला मात्र ते ‘खाली वाक’ असे ऐकू येऊ शकते. शिडीवरून, झाडावरून उतरायला ते योग्यच आहे. माडावर चढलेल्या पाडेलीला ‘गेट डाउन’ म्हणायला हरकत नाही.

‘आय कट माय हेअर’ म्हटले तर सर हसले. का?

कारण तुम्ही आरशासमोर कात्री घेऊन बसलात असा त्याचा अर्थ. मराठी या बाबतीत उदार आहे: ‘मी केस कापले’, ‘मी घर बांधले’, ‘मी गाडी दुरुस्त केली’. काम न्हाव्याने, गवंड्याने, मेकॅनिकने केले हे ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी तेवढे समजून घेत नाही. दुसऱ्याकडून करून घेतले असेल तर तसे सांगावे लागते: ‘आय गॉट माय हेअर कट’.

रचना लक्षात ठेवा: आधी ‘गॉट’, मग वस्तू, मग तिसरे रूप. ‘वी गॉट द रूफ रिपेअर्ड बिफोर द रेन्स’, पावसाआधी छप्पर शाकारून घेतले. ‘आय गॉट माय स्कूटर सर्व्हिस्ड’. मुले ‘आय गॉट रिपेअर्ड माय स्कूटर’ म्हणतात. यात वस्तू मागे पडली आणि वाक्य लंगडे झाले.

‘गॉट’च्या जागी ‘हॅड’ही चालते, जरा जास्त सभ्य वाटते: ‘आय हॅड माय हेअर कट’. पण तिथे शब्दांची जागा आणखी सांभाळा. ‘आय हॅड कट माय हेअर’ असे उलटले की अर्थ होतो ‘मी स्वतःच केस कापले होते’.

याच साच्यात कधीकधी अपघातही बसतो. ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर’ म्हणजे दारात बोट चिमटले. ते कोणाकडून मुद्दाम करून घेतले नाही हे उघड आहे.

सरपंचांची सही घेतली. ‘गेट’, ‘हॅव’ की ‘मेक’?

‘आय गॉट द सरपंच टू साइन’: मागे लागलो, पटवले, दोनदा परत आलो, शेवटी सही झाली. ‘आय हॅड माय क्लार्क साइन’: सांगितले, त्याने केली, ते त्याचे कामच होते. ‘दे मेड हिम साइन’: भाग पाडले. ‘टू’ फक्त ‘गेट’सोबत येतो, बाकी दोघांना तो नको. पंचायतीच्या बाबतीत बहुतेक वेळा ‘गेट’च लागते!

इतिहासाच्या पेपरात ‘गोवा गॉट लिबरेटेड इन 1961’ लिहिले तर चालेल का?

कळेल, पण शोभणार नाही. ‘गोवा वॉज लिबरेटेड इन 1961’ लिहा. ‘गॉट’ आणि तिसरे रूप ही जोडी बोलण्यातली, आणि तीही बहुतेक अचानक घडलेल्या, अंगावर आलेल्या गोष्टींची: ‘गॉट हर्ट’, ‘गॉट स्टक इन ट्रॅफिक’, ‘गॉट कॉट विदाउट अ हेल्मेट’. ठरवून, गांभीर्याने झालेल्या गोष्टींना ‘वॉज’. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या बासिलिकेचे बांधकाम 1594 मध्ये सुरू झाले आणि 1605 मध्ये तिची प्रतिष्ठापना झाली. तिथे ‘वॉज कॉन्सिक्रेटेड’ म्हणावे, ‘गॉट कॉन्सिक्रेटेड’ म्हणजे सोवळ्यावर चहा सांडल्यासारखे.

पुढे नाम असेल तर थोडी सूट आहे. ‘गोवा गॉट स्टेटहुड ऑन 30 मे 1987’ हे वर्तमानपत्री इंग्रजीत सर्रास येते. उत्तरपत्रिकेत ‘अटेन्ड स्टेटहुड’ (‘अटेन’ म्हणजे मिळवणे, हजर राहण्याचे ‘अटेंड’ नव्हे) लिहिले तर तपासणारा जास्त खूश होईल.

‘गॉट मॅरिड’, ‘गॉट एंगेज्ड’, ‘गॉट ड्रेस्ड’ ही मात्र कुठेही चालतात. लग्न कोणाशी झाले ते सांगताना ‘विथ’ नको, ‘टू’ हवा: ‘शी गॉट मॅरिड टू अ डॉक्टर’.

हॉटेलात पाहुण्यांशी बोलताना ‘गेट’ उद्धट तर वाटत नाही?

शब्द उद्धट नाही, वाक्य उद्धट असते. ‘व्हॉट कॅन आय गेट यू?’ म्हणजे आपल्यासाठी काय आणू. कलंगुटपासून कोलव्यापर्यंत कुठल्याही टेबलाशी हे छान जाते. ‘कॅन आय गेट यू एनिथिंग एल्स?’ हे त्याच्यामागून. या वाक्यांत ‘यू’ आधी येतो. वस्तू आधी आणायची तर ‘फॉर’ जोडा: ‘आय विल गेट अ टॉवेल फॉर यू’.

पाहुणा ‘कॅन आय गेट अ फेणी?’ म्हणाला तर तो उठून स्वतः आणणार नाही, मागतो आहे. हे अमेरिकन वळण आहे. जुन्या पिढीतल्या काही इंग्रजांना ते खटकते, ते ‘कॅन आय हॅव’ म्हणतात. तुम्ही दोघांनाही फेणी द्या.

बिलाचे वाक्य जपून वापरा. ‘आय विल गेट द बिल’ असे मित्र मित्राला म्हणतो तेव्हा अर्थ ‘पैसे मी देतो’ असा होतो. वेटरने म्हटले तर बहुतेक गिऱ्हाइके बरोबर समजतात, पण एखादा थट्टेखोर लगेच ‘थँक यू, व्हेरी काइंड’ म्हणेल. ‘आय विल गेट यू द बिल’ किंवा ‘ब्रिंग’ वापरले की प्रश्नच मिटला. तसेच फोन वाजला, दारावर कोणी आले, की ‘आय विल गेट इट’ म्हणजे ‘मी बघतो’.

पाहुणे धापा टाकत येऊन ‘वी गॉट लॉस्ट’ म्हणाले तर ते रस्ता चुकले आहेत. यातलेच दोन शब्द आज्ञार्थी केले, ‘गेट लॉस्ट’, की अर्थ होतो ‘चालता हो’. म्हणून त्यांना धीर देताना ‘डोन्ट वरी, मेनी पीपल गेट लॉस्ट हिअर’ असे अख्खे वाक्य बोला, अर्धवट तोडू नका.

अर्जात, सरकारी पत्रात ‘गेट’ लिहावे का?

शक्यतो नको. पत्र मिळाले तर ‘रिसीव्ह्ड’, दाखला मिळवला तर ‘ऑब्टेन्ड’, झाले तर ‘बिकेम’, पोचलो तर ‘अराइव्ड’. पण काही शिक्षक ‘गॉट’ दिसला की लाल रेघ मारतात आणि मुलाला वाटते हा शब्दच अशुद्ध. ते मला पटत नाही. मित्राला व्हॉट्सॲपवर ‘आय ऑब्टेन्ड युअर मेसेज’ लिहिणारा मुलगाही तेवढाच चुकतो.

‘गेट’ला जोडून येणारे छोटे शब्द लक्षात कसे ठेवायचे?

यादी करून राहत नाहीत. नेमका मराठी वाक्प्रचार शेजारी ठेवला की राहतात. ‘ही गॉट अवे विथ इट’: त्याला ते पचले. ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’: तुझा रोख काय? ‘शी गॉट ओव्हर द फीव्हर’: तापातून उठली. ‘दे डोन्ट गेट अलाँग’: त्यांचे पटत नाही. ‘आय कुडन्ट गेट थ्रू’: फोन लागला नाही. ‘आय नेव्हर गॉट अराउंड टू इट’: ते राहूनच गेले. ‘आय विल गेट बॅक टू यू’: बघून कळवतो. हे शेवटचे ऐकले की वाट बघायची की नाही, ते समोरच्या माणसावरून ठरवा.

‘आय गेट बाय’ हे मुद्दाम शिका. ‘डू यू स्पीक जर्मन?’ याला ‘आय गेट बाय’ म्हणजे मोडकेतोडके बोलून भागवतो. गोव्यातले अर्धे पर्यटन याच दोन शब्दांवर चालते.

‘गेट यूज्ड टू’नंतर क्रियापदाला ‘इंग’ का लागते? ‘टू’नंतर मूळ रूप येते ना?

इथला ‘टू’ वेगळा आहे, तो ‘ला’ किंवा ‘ची’ या प्रत्ययांसारखा आहे: कशाची सवय झाली? म्हणून पुढे नाम किंवा नामासारखे रूप: ‘आय गॉट यूज्ड टू द हीट’, ‘आय गॉट यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट’. ‘आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट’ हे निराळेच वाक्य, ‘पूर्वी मी रात्रपाळी करायचो’. एका ‘गॉट’ने सवय आणि आठवण यांची अदलाबदल होते.

‘गॉट पास’, ‘गॉट फेल’, ‘गॉट एक्स्पायर्ड’?

तिन्ही सोडा. ‘आय पास्ड’, ‘आय फेल्ड’. एक्स्पायर दुधाची पिशवी होते, पासपोर्ट होतो. माणूस ‘पास्ड अवे’. शोकसंदेश लिहिताना तरी हे एकदा तपासून घ्या.